पंप थांबतो, आग थांबत नाही

२४ जानेवारी २०२५ च्या पहाटे ‘एओविन’ नावाचं वादळ आयर्लंडवर आदळलं. गॉलवे परगण्यातल्या मेस हेडच्या हवामान केंद्रावर वाऱ्याचे झोत तासाला १८० किलोमीटरच्या वर गेले आणि १९४५ सालचा देशाचा विक्रम मोडला. साडेसात लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली. शहरांत ती लवकर परतली. पश्चिमेकडच्या रॉसकॉमन, लीट्रिम, मेयो या परगण्यांत मात्र ठिकठिकाणी झाडं विजेच्या तारांवर आडवी झाली होती. तिथल्या काही वस्त्यांनी दोन आठवडे अंधारात काढले. तिथली जानेवारीतली थंडी पाच-सहा अंशांची. आकडा ऐकून फार भीती वाटत नाही. पण हवा इतकी ओली, की घर तापवणं बंद पडलं की दोन दिवसांत भिंती गारठतात आणि अंथरूण-पांघरूण दमट लागायला लागतं.

खेड्यातली बरीच घरं केरोसीनच्या बॉयलरवर तापतात. तो बॉयलर पेटतो विजेवर आणि त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत ढकलतो विजेचाच पंप. नव्या घरांतला हीट पंप तर सगळाच विजेवर. वादळानंतर शेजारीपाजारी ज्या घरांत गोळा झाले ती लाकडावर नाहीतर टर्फवर, म्हणजे दलदलीतून कापून उन्हात वाळवलेल्या पीटच्या विटांवर, तापणारी घरं होती. नंतर मी त्या भागात हिंडलो ते अशाच घरांसाठी. त्यातही एका विशिष्ट शेगडीसाठी. काचेचं दार असलेली ही बंद लोखंडी शेगडी, तिच्या पाठीला पाण्याची पोलादी पेटी. तिला तिकडे ‘बॅक बॉयलर’ म्हणतात. ही एक शेगडी बसायची खोली उबवते, आंघोळीचं पाणी तापवते आणि सहा-सात रेडिएटरही गरम ठेवते.

आपल्याकडे ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. बंबाच्या मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. इथे जाळ पुढे आणि पाणी त्याच्या पाठीला. बंब वरून उघडा असल्यामुळे पाणी कितीही खळखळलं तरी वाफ मोकळी निघून जाते. बॅक बॉयलरचं पाणी बंद नळांतून घरभर फिरतं, आणि त्या नळांत वाफेला वाट ठेवलेली नसेल तर काय होतं, याबद्दलच हा सगळा लेख आहे.

रॉसकॉमनमधल्या एका शेतकरी जोडप्याच्या स्वयंपाकघरात मी अशी शेगडी पेटताना पाहिली. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आजीबाईंनी राखेचा खण ओढून बाहेर काढला, मूठभर राख तशीच ठेवली, बाकीची बादलीत घातली. दोन जाड फोडी आडव्या ठेवल्या, त्यांवर बारीक ढलप्या उभ्या-आडव्या रचल्या आणि वरून काडी लावली. आपण जाळ खालून लावतो. त्या वरून लावतात, म्हणजे निघणारा धूर ज्वाळेतूनच जातो आणि जळतो. दार बोटभर उघडं. शेगडीच्या मागून निघालेल्या नळावर एक तापमापक बसवलेला होता. त्याचा काटा विसावरून हळूहळू सरकत पन्नासच्या पुढे गेला, तेव्हा भिंतीमागे ‘टक’ असा आवाज झाला आणि पंप सुरू झाला. मिनिटभरातच शेगडीतला पिवळा जाळ मंदावला, काचेच्या कोपऱ्यांवर तपकिरी डाग चढू लागले. घरभर फिरून गार झालेलं पाणी पाठीमागच्या पेटीत परत आलं होतं. आजीबाई म्हणाल्या, “आता ती रुसली. जरा थांब.” त्यांनी हवेची झडप पुन्हा उघडली, एक सुकी ढलपी आत टाकली, आणि जाळ सावरला.

ती काच खूप काही सांगते. लाकूड नीट जळायला आत भरपूर उष्णता लागते. पाण्याची पेटी त्या जाळाच्या पाठीला टेकलेली, आणि पाणी असेपर्यंत तिचा पत्रा काही शंभर अंशांच्या फार वर जात नाही. त्या गार पत्र्यावर धुरातली डांबरट वाफ गोठते. तीच पुढे धुराड्यात चढते, थरावर थर बसतो आणि एखाद्या रात्री धुराडंच पेट घेतं. म्हणून चांगला कारागीर परतीच्या नळावर एक मिश्रण-झडप बसवतो. परत येणाऱ्या गार पाण्यात थोडं गरम पाणी मिसळून ते पेटीत साधारण ५५-६० अंशांनीच शिरेल, अशी ती व्यवस्था करते. त्यामुळे पेटी गंजत नाही आणि काचही स्वच्छ राहते. शेगडीवर लोक हजारो युरो खर्चतात आणि नेमकी ही झडप वाचवतात. मला हे पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. केरोसीनचा बॉयलर बटण दाबलं की बंद होतो. लाकडाची शेगडी बंद होत नाही. हवेची झडप पूर्ण मिटली तरी आतले निखारे तासन्‌तास उष्णता देत राहतात, आणि ती उष्णता पाठीमागच्या पाण्यात जातच राहते. वीज गेली, पंप थांबला, तरी आगीला ते कळत नाही. अशा वेळी ती उष्णता कुठे जाणार, हे घर बांधतानाच ठरलेलं असावं लागतं.

उत्तर आहे पंपाशिवाय फिरणारं पाणी. एक लिटर पाण्याचं वजन २० अंशांना ९९८ ग्रॅम असतं आणि ८० अंशांना ९७२ ग्रॅम. या २६ ग्रॅमच्या फरकावर सगळा खेळ चालतो. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड होऊन खाली येतं आणि चक्र आपोआप सुरू राहतं. मात्र फरक इतका थोडा, की वाटेत जरासाही अडथळा चालत नाही. नळ रुंद हवा, सहसा २८ मिलिमीटरचा. शेगडीपासून वरच्या मजल्यावरच्या तांब्याच्या टाकीपर्यंत त्याला सतत चढ हवा. कुठे उतार आला की तिथे हवा अडकते आणि पाणी थांबतं. या चक्रावर एकही बंद होणारी झडप असता कामा नये. त्यावरच एक रेडिएटर असा जोडतात, की जो कुणालाही बंद करता येत नाही. बहुधा तो न्हाणीघरात असतो आणि सगळे त्यावर टॉवेल वाळवतात. टाकीपासून एक मोकळा नळ सरळ माळ्यावर जातो आणि तिथल्या छोट्या पाण्याच्या टाकीवर वाकडा होऊन उघडा सुटतो. सगळंच फसलं तर उकळतं पाणी आणि वाफ तिथून बाहेर पडते.

रॉसकॉमनच्या त्या घरात हे सगळं नीट होतं, कारण ते पंप येण्याआधीच्या काळातलं होतं. वादळाच्या दिवसांत त्यांनी काय केलं, ते आजोबांनी सविस्तर सांगितलं. पंप बंद, त्यामुळे वरच्या खोल्या गार. जाळ नेहमीच्या अर्ध्यावर ठेवायचा. न्हाणीघरातला रेडिएटर आणि टाकी ज्या कपाटात असते ते ‘हॉट प्रेस’ गरम. शेजारच्या वाडीतली लहान मुलं त्यांच्या स्वयंपाकघरात गाद्या टाकून झोपली. अडचण एकच: विहिरीचा पंपही विजेचा. माळ्यावरच्या टाकीत नवं पाणी चढत नव्हतं, म्हणून गरम पाणी तांब्या-तांब्याने वापरायचं आणि दिवसातून दोनदा शिडी लावून टाकीत किती उरलंय ते बघायचं. “ती टाकी कोरडी पडली असती तर मी शेगडी विझवली असती. थंडीत बसलो असतो,” आजोबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी फार सहज उच्चारलं. घर तापवायची ज्यांना पन्नास वर्षांची सवय आहे त्यांना ते केव्हा तापवायचं नाही, हेही पाठ असतं.

आयर्लंडच्या खेड्यात वीज पोचवायचं काम नोव्हेंबर १९४६ मध्ये डब्लिनच्या उत्तरेला किलसॅलहान इथे पहिला खांब रोवून सुरू झालं, आणि शेवटच्या गावांपर्यंत जायला सत्तरचं दशक उजाडलं. त्याआधीच्या घरांत बिडाची ‘रेंज’ असे. वॉटरफर्डच्या ओतशाळेतली ‘स्टॅनले’ रेंज तर आजही जुन्या स्वयंपाकघरांत दिसते. तिच्यावर बटाटे उकडत, पोटात पाव भाजला जाई, पाठीला पाणी तापे. त्या काळच्या कारागिरांपुढे दुसरा मार्गच नसल्यामुळे त्यांना पाणी आपल्या पायांनी चालवता यायचं. नंतर पंप स्वस्त झाले. नळ बारीक झाले, आडवे पडले, भिंतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून वळले. पंप चालू असेपर्यंत हे सगळं छान चालतं.

गॉलवेजवळ एका प्लंबरने मला त्याच्या गाडीच्या मागच्या भागात ठेवलेली जुनी पेटी दाखवली. जाड पोलादाची, एका शिवणीवर उललेली. चीर इतकी रुंद की बोट आत जाईल. घरमालकाने हौसेने गरम पाण्याच्या नळावर एक झडप बसवून घेतली होती, “उन्हाळ्यात बंद ठेवायला.” हिवाळ्यात ती उघडायची राहिली. सुदैवाने शिवण फाटून पाणी जाळावर पडलं आणि आग विझली. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती न मिळाली तर पोलादाचे तुकडे होतात. तो प्लंबर त्या पेटीचं प्रदर्शन प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर करतो. त्याच्या मते अर्धं काम तिथेच होतं.

गोठणं हा दुसरा धोका. आयर्लंडला कडाक्याची थंडी क्वचितच सोसावी लागते, त्यामुळे माळ्यावरचे नळ पुष्कळदा उघडेच असतात. डिसेंबर २०१० मध्ये मेयो परगण्यातल्या स्ट्रेड इथे नाताळच्या दिवशी उणे १७.५ अंश नोंदले गेले. अशा थंडीत माळ्यावरचा मोकळा नळ आणि टाकीचा नळ दोन्ही गोठले, की उघडी असलेली व्यवस्था बंद होते आणि घरात कुणाला ते दिसत नाही. सुट्टीवरून परतलेलं कुटुंब गारठलेल्या घरात शिरतं आणि पहिलं काम करतं ते शेगडी पेटवण्याचं.

जळणाबद्दल सांगायचं तर तिथल्या लोकांचं बोलणं संपत नाही, आणि माझंही कुतूहल संपलं नाही. वीस टक्के ओलावा असलेलं एक किलो लाकूड सुमारे चार युनिट उष्णता देतं. नुकतंच तोडलेलं, निम्मं पाणी असलेलं लाकूड त्याच्या जेमतेम निम्मी. कारण त्या किलोत खरं लाकूडच कमी असतं, आणि त्याचीही थोडी उष्णता आतलं पाणी उकळण्यात जाते. बारा किलोवॉटची शेगडी घ्या, चार खोलीला आणि आठ पाण्याला देणारी. तिची कार्यक्षमता पाऊणपट धरली तर ती पूर्ण ताकदीवर तासाला चार किलो सुकं लाकूड खाते. सहा तासांच्या एका संध्याकाळीला चोवीस किलो. अशा दीडशे संध्याकाळी म्हणजे साडेतीन टनांच्या वर. हे सगळं कुणीतरी तोडायचं, फोडायचं, रचायचं, दोन उन्हाळे वाऱ्यावर ठेवायचं आणि मग टोपलीने आत आणायचं. आजोबांच्या गोठ्याच्या दक्षिणेच्या भिंतीला तीन रांगा होत्या: या हिवाळ्याची, पुढच्याची आणि त्याच्या पुढच्याची. वरून पत्रा, बाजूंनी मोकळं. ज्याने ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड कुजताना पाहिलं आहे, त्याला बाजू मोकळ्या ठेवण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

त्या रांगांत ॲशचं लाकूड सगळ्यात जास्त होतं, आणि ते पाहून आजोबांना आनंद नव्हता. ॲश तोडतानाच इतर झाडांपेक्षा कमी ओला असतो, सरळ फुटतो, छान जळतो. आयरिश लोकांच्या लाडक्या हर्लिंग खेळाच्या काठ्या त्याच्याच करतात. २०१२ मध्ये लीट्रिममध्ये, आयात केलेल्या रोपांवर, या झाडाला मारणारी बुरशी सापडली, आणि आता देशभर बांधाबांधावरचे ॲश शेंड्याकडून वाळत चालले आहेत. पडण्याआधी तोडावे लागतात. “पुढची दहा वर्षं जळणाला तोटा नाही,” ते म्हणाले, “आणि त्यानंतर माझ्या नातवाला काठी मिळणार नाही.”

टर्फचं वेगळंच दुखणं आहे. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे हातभर खोल कापलेली वीट काही शतकांची असते. सरकारी ‘बोर्ड ना मोना’ने २०२१ च्या सुरुवातीला पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२२ पासून धुरकट कोळसा देशभर बंद झाला, दुकानांतून आणि इंटरनेटवरून टर्फ विकायला मनाई आली, आणि किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या ओलाव्यावर मर्यादा आली. ज्यांचा दलदलीच्या तुकड्यावर पिढीजात हक्क आहे, ते स्वतःच्या चुलीपुरतं टर्फ अजून कापू शकतात. खेड्यांत या नियमांवर राग आहे. तो मी ऐकून घेतला, आणि त्यातला थोडासा खराही आहे: ज्याच्या घरात गॅसची वाहिनी पोचत नाही आणि ज्याच्या भिंती तीन फूट दगडाच्या आहेत, त्याला हीट पंप घ्या म्हणणं सोपं असतं.

पण धुराचा हिशोब टाळता येत नाही. १ सप्टेंबर १९९० ला डब्लिनमध्ये धुरकट कोळशाच्या विक्रीवर बंदी आली आणि त्याच हिवाळ्यापासून हवेतली काजळी सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली. श्वसनाच्या आणि हृदयाच्या विकारांनी होणारे मृत्यू त्यानंतर कमी झाल्याचं २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं; हृदयविकारांबद्दलचा निष्कर्ष पुढच्या तपासणीत तितका टिकला नाही, श्वसनाचा टिकला. आजही आयर्लंडच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा मोठा वाटा घरगुती चुलींचा आहे, आणि वारा पडलेल्या हिवाळी संध्याकाळी छोट्या गावांत तो घशाला जाणवतो. सुकं लाकूड आणि नव्या धाटणीची शेगडी यांनी धूर खूप कमी होतो. शून्य होत नाही. ज्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत तिथे लाकडावर घर तापवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली ऊब शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीवर बेतू नये.

मोकळ्या शेतातल्या घराचं तसं नाही. तिथे ज्याच्याकडे स्वतःचं लाकूड आहे, अंगात ताकद आहे आणि नळांची मांडणी जुन्या शहाणपणाची आहे, त्याने ही शेगडी जरूर ठेवावी. एओविनने तेवढं सिद्ध केलं.

हे मराठी वाचकाला सांगण्याचं कारण आहे. आयर्लंड-ब्रिटनमध्ये आपली पुष्कळ माणसं आता शहर सोडून इस्पितळांच्या, औषध-कारखान्यांच्या आसपासच्या गावांत जुनी घरं घेतात. कोल्हापूरकडचं असं एक कुटुंब मला भेटलं. ती परिचारिका, तो संगणक अभियंता. मुलीकडे हिवाळा काढायला आलेले तिचे वडील अंगणात लाकडाच्या दोन फोडी एकमेकींवर आपटून बघत होते. “ओलं लाकूड बद्द वाजतं, जावईबापू. हे अजून वर्षभर ठेवा,” त्यांनी सांगितलं, आणि जावयाने ओलावा मोजायचं यंत्र टोचलं तर काटा तीसच्या वर. “बाबा, मग हे पैसे देऊन आणलेलं?” त्याने विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही, फोडी भिंतीशी रचायला घेतल्या.

याच घरात बैठकीच्या खोलीत एक सुंदर जुनी उघडी शेकोटी होती. घर दाखवणाऱ्याने ती ‘चालू आहे’ म्हणून सांगितलं होतं. धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने आत विजेरी मारली तेव्हा विटांच्या मागे पोलादाची पेटी दिसली. मागच्या कुणा मालकाने केरोसीनचा बॉयलर बसवताना तिचे नळ कापून तोंडं बुचं मारून बंद केली होती आणि पेटी तिथेच सोडली होती. अशा बंद, विसरलेल्या पेटीत पाणी शिल्लक असेल आणि पुढे जाळ केला, तर ती बाँबसारखी फुटते. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने याबद्दल उघड इशारा दिलेला आहे. त्या कुटुंबाने पेटी काढून टाकली. काढून टाकणं शक्य नसेल तर पाणी काढून तिला भोक पाडून ठेवतात, म्हणजे दाब साठत नाही.

तेव्हा तिकडे जुनं घर भाड्याने घेतलेल्या किंवा विकत घेतलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. पहिली काडी ओढण्याआधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा आणि जाळामागे पेटी आहे का, ते बघायला लावा. असली तर जाणत्या प्लंबरला विचारा: वीज गेली तर हे पाणी कुठून वर जाईल, बंद न होणारा रेडिएटर कोणता, माळ्यावरचा नळ उघडा आहे का, गोठू नये म्हणून गुंडाळलेला आहे का. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा लावा; ती पंचवीस-तीस युरोंत मिळते. या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गरम कपडे घालून बसा, शेगडी पेटवू नका.